एकच ठोका

सिग्नल्स अँड सिस्टिम्स या विषयाच्या तोंडी परीक्षेत मी दोनदा नापास झालो, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या पद्धतीने. एकाच पद्धतीने दोनदा नापास होणं मला कमीपणाचं वाटतं.

पहिल्या वेळी मी बोललोच नाही. "सिग्नल म्हणजे काय?" एवढंच विचारलं होतं. उत्तर मला येत होतं. काळाबरोबर बदलणारी आणि बदलता बदलता काहीतरी सांगणारी कुठलीही गोष्ट म्हणजे सिग्नल. पण ते उत्तर घशात बसून राहिलं. चौथ्या मिनिटाला सरांनी माझ्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. सहाव्या मिनिटाला त्यांनी खिडकी उघडली. जिच्यात काही घातलं की काही बाहेर येतं, ती सिस्टिम. माझ्यात नुसतंच जात होतं.

दुसऱ्या वेळी मी फार बोललो. सर म्हणाले, उदाहरणं द्या. मी घरची दिली. आमच्या घरात माणसं चार आणि पुस्तकात त्या धड्यातले गुणधर्मही चारच, म्हणजे हे आपल्यासाठीच लिहिलंय असा माझा समज झाला होता.

"कॉझल सिस्टिम म्हणजे जिचं उत्तर इनपुटच्या आधी येत नाही," मी म्हणालो. "माझी आई कॉझल नाही. ती आधी ओरडते, 'फोडलास ना पेला?' मग पेला पडतो."

सर लिहायचे थांबले.

"लिनिअर म्हणजे इनपुट दुप्पट केलं की आउटपुटही दुप्पट. आमची ताई लिनिअर नाही. एक विनोद सांगितला की हसते. दोन सांगितले की मारते. टाइम-इनव्हेरिअंट म्हणजे आज एक गोष्ट दिल्यावर जे मिळालं, तीच गोष्ट उद्या दिली तरी तेच मिळणार. ते माझे बाबा. मी जन्मापासून बघतोय, काडीचा फरक नाही."

"आणि तुम्ही कोण?" सरांनी विचारलं.

"मी मेमरीलेस, सर. मला मागचं काही आठवत नाही."

एवढं मात्र त्यांना पटलं आणि त्याचे त्यांनी पन्नासपैकी दहा दिले. पास व्हायला वीस लागतात.

कॉलेजचा नियम साधा होता. तिसऱ्यांदाही तोंडी गेली की नाव कमी. तीन वर्षांचा अभ्यास, चाळीसेक वह्या आणि एक पांढरा कोट, सगळ्यावर पाणी. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई रडली नाही. तिने आदल्या आठवड्यातच रडून घेतलं होतं. ताई म्हणाली, "ह्या वेळी मधलं काहीतरी कर. थोडं बोल, थोडं गप्प बस." आणि बाबा दुसऱ्या दिवशी बाजारातून गुडघ्याला बांधायचे पॅड घेऊन आले. कोरे, माझ्या मापाचे.

बाबा फरशी बसवतात. दिवसभर गुडघ्यांवर असतात, म्हणून पॅड.

"मी तुला नाउमेद करत नाहीये," ते म्हणाले. "दुकानात तुझा नंबर दिसला. हा नंबर लवकर संपतो."

पॅड दाराच्या मागच्या खिळ्याला टांगले गेले. येताजाता मला ते दिसायचे. गुडघ्यांच्या जागी दोन खळगे होते आणि ते माझी वाट बघत असल्यासारखे वाटायचे.

बाबांना आमच्या गल्लीत सगळे टकटक म्हणतात. ते रागावत नाहीत, कारण ते खरंच टकटक करतात. एका मोडक्या पटाशीची लाकडी मूठ कायम त्यांच्या खिशात असते. कुठल्याही घरात गेले की आधी जमिनीवर एक ठोका, मग नमस्कार. ताईला बघायला पाहुणे आले होते तेव्हा बाबांनी त्यांच्याकडच्या मुलाच्या पायाखालची फरशी वाजवून पाहिली होती. फरशी आमचीच होती. मुलाचा गैरसमज झाला तो झालाच.

त्यांचा एकच अभिमान आणि तो त्यांनी आम्हाला शेकडो वेळा ऐकवलेला. "तुमच्या कॉलेजचा दुसरा मजला. डावीकडची शेवटची खोली. एकोणीस वर्षं झाली. त्यातली एक फरशी जरी पोकळ निघाली, तर मिशी उतरवीन."

आता ही मिशी. ती बाबांच्या लग्नाआधीपासूनची आहे. त्यांचा वरचा ओठ आईने कधी पाहिलेला नाही. फोटोतही नाही. आणि ती शेवटची खोली म्हणजे आमची तोंडी परीक्षा जिथे होते तीच. दोनदा नापास होताना मी खाली मान घालून बाबांचंच काम बघत होतो. चांगलं काम होतं.

परीक्षा गुरुवारी होती. त्याआधीच्या रविवारी बाबा म्हणाले, "चल माझ्याबरोबर. पुस्तक घे हवं तर."

दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत त्यांनी मागच्या आठवड्यात फरशी बसवली होती. ती सुकली की तपासायची असते. बाबा गुडघ्यांवर बसले. मी पेशंटच्या बाकावर बसलो. समोर भिंतीवर एका मोठ्या दाढेचं चित्र होतं आणि ती हसत होती.

"मोठ्याने वाच," बाबा म्हणाले. "मनातल्या मनात वाचलं की तुला झोप येते, हे मला ठाऊक आहे."

"इम्पल्स म्हणजे क्षणभराचा धक्का," मी वाचायला लागलो. "इतका छोटा की सुरू होतो तिथेच संपतो. तो सिस्टिमला द्यायचा आणि ती काय करते ते बघायचं. त्याला म्हणतात इम्पल्स रिस्पॉन्स. सिस्टिम लिनिअर आणि टाइम-इनव्हेरिअंट असेल, तर एवढ्यावरून पुढे तिला काहीही दिलं तरी ती काय करेल हे सांगता येतं."

"बरं. मग?"

"मग काय? हेच तर डोक्यात शिरत नाही. एका धक्क्यावरून सगळं कसं कळेल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उलटी बसवलेली फरशी दिसल्यावर ते असं बघतात. मग मूठ उचलली आणि पुढच्या फरशीवर एक ठोका दिला. टक.

"भरीव," ते म्हणाले. पुढच्या फरशीवर सरकले. टक. "भरीव." मग मला हाताने बोलावलं आणि दाराजवळ नेलं. तिथे जुनी जमीन तशीच ठेवलेली होती. डब्ब.

"ऐकलंस? ह्या आवाजाला शेपूट आहे. ठोका संपला तरी तो संपत नाही. म्हणजे खाली हवा आहे. आता मला सांग, ह्याच्यावर कपाट ठेवलं तर काय होईल?"

"फुटेल."

"बाई टाचेच्या चपला घालून चालली तर?"

"वाजेल. पावलागणिक डब्ब. पहिलं शेपूट संपायच्या आत दुसरं येईल. सगळी एकात एक मिसळतील."

"कपाट ठेवलं होतं का मी?"

"नाही."

"बाई चालली होती?"

मी पुस्तकाकडे पाहिलं, मग फरशीकडे. पुस्तकात पावणेदोन पानं याच मिसळण्यावर खर्ची घातली होती. त्याला कन्व्होल्यूशन म्हणतात आणि त्या नावाने आमच्या वर्गातल्या एकाला ताप आला होता. इनपुट म्हणजे लहान लहान ठोक्यांची रांग. प्रत्येक ठोका आपापलं शेपूट सोडतो. सगळी शेपटं जागच्या जागी मांडून बेरीज करायची. झालं आउटपुट.

"आणि ते लिनिअर म्हणतोस ते काय?" बाबांनी विचारलं.

"दुप्पट जोरात ठोकलं तर दुप्पट जोरात वाजायला पाहिजे."

"वाजतं की. घण घातला तर फुटेल, तेवढं सोडून." त्यांनी पुढची फरशी वाजवली. "आपण घण घालत नाही."

"पण बाबा, एकदाच का ठोकता? खात्रीसाठी दोन-तीनदा ठोकावं ना."

"एका फरशीला दहा प्रश्न विचारायचे नसतात. एक ठोका द्यायचा आणि गप्प बसायचं. लोक ठोकतात बरोबर. गप्प बसत नाहीत."

दाढ भिंतीवर हसतच होती. या वेळी मीही थोडा हसलो.

गुरुवारी सकाळी मी बाबांच्या टांगलेल्या शर्टाच्या खिशातून ती मूठ काढून माझ्या खिशात घातली. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी दिली असती आणि वर आशीर्वादही दिला असता. मला आशीर्वादाने दडपण येतं.

खोलीत एक टेबल, त्यावर टॉवेल पांघरलेलं ऑसिलोस्कोपचं यंत्र, एका खुर्चीत आमच्या मॅडम आणि दुसऱ्या खुर्चीत दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक. आम्ही त्यांना बाहेरचे सर म्हणतो. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं. मॅडमनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मला ओळखीचा होता. तोही टाइम-इनव्हेरिअंट होता.

"इम्पल्स रिस्पॉन्स," बाहेरचे सर म्हणाले. "व्याख्या नको. समजावून सांगा."

मी खिशात हात घातला. मूठ हाताला लागली.

"सर, करून दाखवू?"

"काय करून दाखवणार?"

मी उत्तर द्यायच्या ऐवजी गुडघ्यांवर बसलो. मॅडम अर्ध्या उठल्या. त्यांना वाटलं मी पाया पडतोय. तसं माझ्याआधीच्या एकाने केलं होतं म्हणे.

टक. "ही सिस्टिम, सर. हा ठोका म्हणजे इम्पल्स. तुम्ही ऐकलंत तो इम्पल्स रिस्पॉन्स. आखूड आहे, म्हणजे खाली सिमेंटचा माल भरलेला आहे." मी पुढे सरकलो. टक. "ही पण तशीच."

"कॉझल आहे का?" वरून आवाज आला.

"आहे, सर. ठोकल्याशिवाय बोलत नाही."

"लिनिअर?"

मी हलकेच ठोकलं, मग जोरात. "घणापर्यंत आहे."

सरांनी एक पेन काढलं. मी रांगत पुढे गेलो. गुडघे दुखत होते आणि पॅड घरी खिळ्याला होते. टक. टक. टक. सरांच्या खुर्चीपाशी पोहोचलो. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमध्ये एक ठोका दिला.

डब्ब.

मी हात तसाच ठेवला. मॅडम यादी बघत होत्या.

"ह्याचा आवाज वेगळा होता का?" सरांनी विचारलं. "की मला वाटलं?"

तुम्हाला नुसतं वाटलं, असं म्हणून सुटता आलं असतं. खुर्ची सरकली असेल म्हणालो असतो, तरी चाललं असतं. माझ्या डोळ्यांपुढे बाबांची मिशी आली, लग्नाआधीची. मी दोन सेकंद विचार केला. मिशी पुन्हा उगवते. चौथी संधी उगवत नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की आवाज खरंच वेगळा होता.

"वेगळा होता, सर. शेपूट आहे. ही फरशी पोकळ आहे. तुम्ही जरा उठता का?"

बाहेरचे सर उठले. खुर्ची बाजूला झाली. मी त्या फरशीवर पटपट तीन ठोके दिले, आणि पहिल्याचं शेपूट दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात मिसळत गेलं. "हे कन्व्होल्यूशन," मी म्हणालो. "तीन शेपटांची बेरीज."

सर कडक इस्त्रीच्या पँटसकट खाली बसले. "इकडे द्या ती मूठ," म्हणाले. त्यांनी स्वतः ठोकून पाहिलं. मग बाजूच्या फरशीवर. मग पुन्हा ह्या फरशीवर. मॅडमनी टेबलावरून वाकून पाहिलं तेव्हा परीक्षक आणि विद्यार्थी दोघेही टेबलाखाली होते.

"शेवटचा प्रश्न," सर टेबलाखालून म्हणाले. "ही सिस्टिम टाइम-इनव्हेरिअंट आहे का?"

"बसवली तेव्हा भरीव होती, सर. आता नाही. म्हणजे नाही."

"बसवली तेव्हा भरीव होती, हे तुम्हाला काय माहीत?"

"बसवणाऱ्याने सांगितलंय."

"त्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"त्याने मिशी पणाला लावलीय, सर," मी म्हणालो. त्यांनी पुढे स्पष्टीकरण मागितलं नाही, आणि निकाल उद्या अकराला असं मॅडमनी सांगितलं.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "कशी गेली?"

"बरी गेली. बाबा, खिडकीकडून तिसरी, भिंतीकडून चौथी. पोकळ आहे."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"अहो, नका काढू!" आई आतून ओरडली. बाबा तेव्हा पाटावरून उठलेही नव्हते. मग उठले.

पाच मिनिटांनी मोरीतून एक अनोळखी गृहस्थ बाहेर आले. ताई म्हणाली, "काका, कोण पाहिजे आपल्याला?" ते ताटावर बसले आणि उरलेलं जेवण संपवलं. आई दारात उभी राहून त्यांच्या वरच्या ओठाकडे बघत होती.

"बरे दिसता," ती शेवटी म्हणाली आणि आत गेली. दोन मिनिटांनी पाणी द्यायच्या निमित्ताने पुन्हा आली. पेला भरलेलाच होता.

मागच्या तोंडी परीक्षेतलं माझं बाबांचं उदाहरण चुकीचं होतं, हे माझ्या लक्षात आलं. त्याचे गुण तेव्हाही मिळाले नव्हते, त्यामुळे परत करायचा प्रश्न नव्हता.

सकाळी बाबा पिशवी घेऊन दारात उभे. "चल. ती फरशी बघायची आहे. पॅड घे."

मी खिळ्यावरचे पॅड काढले. बरोब्बर बसले. त्याचं मला वाईट वाटलं.

कॉलेजात शिपाईमामांनी खोली उघडून दिली आणि चहाचा ट्रे हातात घेऊन बघत उभे राहिले. बाबा खाली बसले, एक ठोका दिला. डब्ब. मग त्यांनी फरशीच्या कडेने नख फिरवलं, नखाला लागलेलं पांढरं बोटांत चुरडलं आणि वास घेतला.

"हा माल माझा नाही," ते म्हणाले.

थापीचं टोक फटीत घातलं. फरशी एका झटक्यात वर आली, डब्याच्या झाकणासारखी. खाली एक करडी वायर वेटोळं घालून पडली होती. वायरीच्या मधोमध एक चमचा होता.

"अरे तिच्या!" शिपाईमामांनी ट्रे टेबलावर टेकवला. "हा इथं होता होय! सात वर्षं झाली शोधतोय. सहाचा सेट आहे, पाचच भरतात."

"ही फरशी कोणी उचलली होती?" बाबांनी विचारलं.

"मीच. प्रोजेक्टरची वायर टाकायची होती. माणूस येईना, मग मीच उचलली, मीच बसवली."

"कशाने?"

"चमच्याने."

"सिमेंट?"

"ते कुठून आणू? थोडा चुना घातला आणि ऑफिसातला डिंक."

बाबांचा हात आपसूक वरच्या ओठावर गेला. तिथे काही नव्हतं. "सात वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "आणि मी काल उतरवली."

"काय उतरवली?" शिपाईमामांनी विचारलं.

मग बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, आणि मिशीशिवाय ते हसताना कसे दिसतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. ताईसारखे दिसतात. तेवढ्यात दारात मॅडम आल्या, हातात यादी. जमिनीतला खड्डा, चमचा, पॅड बांधलेला मी आणि खाली बसून हसणारा एक माणूस, असं सगळं त्यांनी क्रमाने पाहिलं.

"एकेचाळीस," त्या मला म्हणाल्या. "पास आहेस. सर म्हणाले, उत्तरं सगळी बरोबर होती. नऊ गुण खुर्चीवरून उठवल्याचे कापले."

"खुर्ची सिस्टिमवर होती, मॅडम."

"जास्त बोलू नकोस. ह्या वेळी बेताचं बोललास म्हणून पास झालास." मग बाबांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"बसवणारा," बाबा म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या ओठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बाबांनी वायर कडेच्या खोबणीतून नीट नेली, माल कालवला, थर दिला आणि फरशी बसवली. मी गुडघ्यांवर बसून माल पुढे करत होतो. चमचा शिपाईमामांनी तीनदा धुऊन सेटमध्ये ठेवला आणि मोजून पाहिलं. सहा भरले.

माल सुकायला एक दिवस जातो. शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. खोलीत कोणी नव्हतं, ऑसिलोस्कोप टॉवेलाखाली होता, खिडकीतून ऊन बरोबर त्या फरशीपर्यंत आलं होतं. मी सवयीने मूठ बाबांच्या हातात द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. त्यांच्या ओठावर करडी खुरटी लव दिसायला लागली होती आणि ते ती दर मिनिटाला चाचपत होते.

"तू ठोक," ते म्हणाले.

आजवर त्यांनी मला कधी ठोकू दिलं नव्हतं. मी खाली बसलो आणि ठोका दिला.

टक.

मी खात्रीसाठी मूठ पुन्हा उचलली.

"ऐकू आलं ना?" बाबांनी विचारलं.

"आलं."

"मग?"

मी मूठ खिशात घातली आणि गप्प बसलो.